सांगायला एक जागा

शिशुवर्गाच्या बाईला वर्तमानपत्र घ्यावं लागत नाही. सकाळी प्रार्थना झाली, डबे आणि पाण्याच्या बाटल्या फळीवर लागल्या, की बातम्यांना सुरुवात होते. "बाई, आमच्याकडे नवीन फ्रीज आला, पण तो आमचा नाही, हप्त्यांचा आहे." "बाई, आजी लोणचं पलंगाखाली लपवते." "बाई, मामा येणार होता, पण बाबा म्हणाले, तो आला तर मी जातो." चार-साडेचार वर्षांचं मूल बातमीत लहानमोठं असा भेद करत नाही. श्रीखंडाची बातमी आणि भांडणाची बातमी ते एकाच सुरात सांगतं आणि सांगून झालं, की बोटांना लागलेला खडू चड्डीला पुसून खेळायला निघून जातं. बातमी तेवढी आपल्यापाशी राहते.

गेली अठरा वर्षं मी या बातम्या ऐकते आहे. माझं शिक्षण दहावीपर्यंतच. आमच्या वडिलांच्या भाषेत मॅट्रिक. शाळेत आले ती मदतनीस म्हणून. एकदा वर्गाच्या बाई आजारी पडल्या, त्यांच्या जागी चार दिवस उभी राहिले, ती तिथेच राहिले. रात्री कादंबऱ्या लिहिते. म्हणजे दुसऱ्यांच्या घरातलं ऐकण्याचा माझा धंदा असा दुहेरी आहे.

त्यातही दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते तो आठवडा मोठ्या भरभराटीचा! सण आला की घरात माणसं वाढतात, पैसा आटतो आणि माहेर-सासरचे जुने हिशेब फराळाच्या डब्यांबरोबर माळ्यावरून खाली येतात. चकल्या किती झाल्या ते मला कळतं, आणि त्या तळताना कोण कुणाला काय बोललं तेही कळतं. अशाच एका नोव्हेंबरात एका मुलानं मला सांगितलं, "बाई, बाबांनी ताट फेकलं. आईला लागलं. मग आई मोरीत जाऊन बसली. मग मीपण मोरीत बसलो." आणि लगेच पुढे, "आमच्या मोरीत आता निळी बादली आहे."

आता सांगा, बाईनं काय करावं?

तुम्ही म्हणाल, पूर्वी असं नव्हतं. पूर्वी घरात आजी होती, आत्या होती, शेजारीण होती. माणसाला मन मोकळं करायला जागा होती. दिवाळी अंकांतून चाळीच्या गॅलरीवर जे हळवे लेख येतात, ते मीही आवडीनं वाचते. पण मी स्वतः लालबागच्या चाळीत वाढले आहे, आणि मला विचाराल तर चाळीत ऐकू सगळ्यांना येत असे; ऐकून घेणारं मात्र फारसं कुणी नव्हतं. भिंती लाकडाच्या. पलीकडच्या बिऱ्हाडात कुणी कूस बदलली तरी समजे. १९८२ साली गिरण्यांचा संप झाला तेव्हा मी रांगत होते. संपाची मला आठवण नाही. संपानंतरच्या घरांची आहे. दिवसभर घरी बसून राहिलेले बाप, खाणावळीच्या पोळ्या लाटणाऱ्या आया आणि रात्री भिंतीपलीकडून येणारे आवाज. सकाळी नळावर त्या आवाजांबद्दल कुणी अक्षर काढत नसे. काढलं तर ते असं: "सोस गं बाई, पोरांकडे बघ आणि सोस." ही आमची त्या वेळची सगळी व्यवस्था.

ऐकणारी माणसं वाईट होती असं नव्हे. पण प्रत्येक ऐकणारा कुणाचा तरी कुणी होता. आत्या ऐकायची ती भावाची बहीण म्हणून. आई ऐकायची ती धाकट्या दोघींची लग्नं व्हायची आहेत हे डोक्यात ठेवून. शेजारणीला सांगावं तर संध्याकाळपर्यंत खालच्या मजल्यावर. शिवाय 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण सगळ्यांच्या तोंडी. त्या झाकलेल्या मुठीत कधी काही सापडल्याचं मी पाहिलेलं नाही. बोटं मात्र आखडून गेलेली पाहिली आहेत.

तर त्या ताटाच्या गोष्टीकडे येते. पंधरा दिवस गेले. मुलाची आई रोज त्याला सोडायला यायची, हसायची, जायची. बातमीचा उल्लेख तिच्यापाशी करणं मला शक्य नव्हतं. पोरगं घरी मार खाईल ही भीती. मग एक दिवस डबा विसरला म्हणून ती मधल्या सुट्टीत आली. व्हरांड्यात कुणी नव्हतं. मी नुसतं म्हटलं, "दमलेल्या दिसता." एवढंच. ती कठड्याला टेकली आणि शाळेची घंटा होईपर्यंत बोलत राहिली.

मी तिला म्हटलं, अशा वेळी समुपदेशन करणाऱ्या बायका असतात, त्यांच्याकडे जाऊ या. तिनं तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला आणि म्हणाली, "उपदेश करणारे घरात काय कमी आहेत, बाई?"

हा शब्द कुणी घडवला मला ठाऊक नाही, पण त्याच्या पोटात 'उपदेश' बसवून त्यानं या कामाचं बरंच नुकसान केलं आहे, असं माझं मत आहे. आपल्याकडे उपदेश फुकट मिळतो आणि त्याला तोटा नाही. हे काम तर नेमकं त्याच्या उलट. पण ते मला तरी कुठे नीट माहीत होतं? एका शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर आम्ही दोघी गेलो, तेव्हा ते मी पाहिलं.

जागा म्हणाल तर पोलीस ठाण्याच्या आवारातली एक खोली. 'महिला व मुलांसाठी विशेष कक्ष' अशी पाटी. पोलिसांचं आवार पाहून ती दारातच थबकली. पण आत पोलीस नव्हते. एक टेबल, तीन खुर्च्या, कागदांनी फुगलेलं लोखंडी कपाट आणि आम्हां दोघींपेक्षाही वयानं लहान अशी एक समाजकार्यकर्ती. तिनं आधी पाणी दिलं. मग मला म्हणाली, "ताई, तुम्ही जरा बाहेर बसता का?" मी मनातून थोडी दुखावले, घेऊन तर मीच आले होते! पण माझ्या पाहुणीनं पदर धरला आणि म्हणाली, "त्या असू देत." म्हणून मला बसता आलं.

त्या मुलीनं प्रश्न अगदी साधे विचारले. काय झालं, केव्हापासून, घरात कोण कोण, पैसा कुणाच्या हाती, मुलगा तेव्हा कुठे असतो. लिहून घेतलं. मध्ये एकदाही 'अरेरे' म्हणाली नाही, 'असं कसं तुम्ही सहन केलंत' असंही म्हणाली नाही. आणि शेवटी लेखणी खाली ठेवून विचारलं, "तुम्हाला काय हवं आहे?"

पंखा फिरत होता. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती. ती बाई इतका वेळ गप्प राहिली, की मला वाटलं प्रश्न तिला ऐकूच गेला नाही. लग्नाला नऊ वर्षं झालेली. मला वाटतं, हा प्रश्न त्या नऊ वर्षांत तिला कुणी विचारला नसावा. मग ती म्हणाली, "रात्रीची झोप हवी."

कादंबरीत मी त्या जागी तिच्या तोंडी मोठं भाषण घातलं असतं.

पुढचं काम चिकाटीचं आणि कंटाळवाणं आहे, आणि तिथेच त्याचं मोल आहे. नवऱ्याला पत्र गेलं. तो आला नाही. दुसरं गेलं. तिसऱ्या पत्राला तो आला, थोरल्या भावाला घेऊन, तावातावानं. त्यालाही पाणी मिळालं. त्यालाही विचारलं, काय झालं, केव्हापासून. त्याच वेळी त्याला हेही शांतपणे सांगण्यात आलं, की २००५ सालच्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं बायकोला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, मग खोली भावाच्या नावावर असो की आईच्या. भाऊ हे ऐकून एकदम कायद्याचा अभ्यासक झाल्यासारखा गंभीर झाला. बैठका झाल्या, एकदा दोघांच्या, एकदा तिच्या एकटीच्या, एकदा सासूच्या. मुळाशी दारू होती, ती निघाली. त्याला व्यसनमुक्तीच्या रस्त्याला लावण्यात आलं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला आर्थिक बळ दिलं, हे मराठी वाचकांना सांगायला नको. पण अशा ठिकाणी पिणाऱ्या माणसाबरोबर त्याच्या बायकोलाही बोलावून बसवतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. ती पहिल्यांदा जाऊन आली तेव्हा म्हणाली, "बाई, तिथे सगळ्यांच्या घरी तेच. मला वाटायचं, आमच्याच नशिबी."

तो सुधारला का? दोनदा घसरला. सध्या बरा आहे. ती झोपते.

हे मी तिला विचारून लिहिते आहे. पहिल्याच दिवशी परत येताना बसमध्ये तिनं मला विचारलं होतं, "हे तुमच्या पुस्तकात नाही ना घालणार?" प्रश्न वाजवी होता. कादंबरीकारापुढे मन मोकळं करणं म्हणजे मांजरापुढे दुधाचं पातेलं उघडं ठेवण्यासारखं. मी ऐकते तेव्हा मला त्यातून काही हवं असतं, हे मी कशाला नाकारू? त्या खोलीतल्या मुलीला काही नको होतं. तिनं ऐकलं ते कपाटात ठेवलं, आणि कपाटाला कुलूप लावलं.

ही कुलुपाची कपाटं आपल्याकडे आली कुठून, याचा मी पुढे थोडा शोध घेतला. मुंबईत नागपाड्याला नेबरहुड हाऊस म्हणून एक संस्था होती. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाच्या अमेरिकन मिशनरी गृहस्थांनी ती वस्तीतल्या लोकांसाठी चालवली. तिथेच १९३६ साली टाटांच्या पैशातून समाजकार्याचं शिक्षण देणारी आपल्या देशातली पहिली शाळा निघाली. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. दुसऱ्याच वर्षी, १९३७ साली, डॉ. के. आर. मसानी यांनी तिच्या आश्रयानं मुलांसाठी मार्गदर्शन चिकित्सालय सुरू केलं. हट्टी, मुकी झालेली, शाळेतून पळणारी पोरं तिथे यायची, आणि पोराबरोबर आईबापांशीही बोलणं व्हायचं. आमच्या चाळीत १९८२ नंतर जे चाललं होतं, त्यावरचा उपाय थोड्याच अंतरावर पंचेचाळीस वर्षं आधीच सुरू झालेला होता. आमच्या नळावर ते कुणाला ठाऊक नव्हतं इतकंच.

त्याच संस्थेनं मुंबई पोलिसांच्या साहाय्यानं १९८४ साली आयुक्तांच्या कार्यालयात तो विशेष कक्ष उघडला. त्याच्या शाखा पुढे राज्यभर झाल्या. १९९६ साली तिथल्याच जेरू बिलिमोरिया यांनी रस्त्यावरच्या मुलांसाठी चाइल्डलाइन सुरू केली. तिचा क्रमांक १०९८. दहा, नऊ, आठ. आकडे उतरत्या क्रमानं, म्हणजे शाळेचं तोंड न पाहिलेल्या पोरालाही पाठ व्हावा. मला हे फार आवडतं. मोठी माणसं मुलांसाठी काही करायला निघाली, की आधी इमारत बांधतात. इथे आधी मुलांच्या लक्षात काय राहील याचा विचार झाला. २०२३ साली ही सेवा सरकारनं आपल्याकडे घेतली. क्रमांक तोच आहे. माझ्या वर्गात भिंतीवर अ-आ-इ-च्या तक्त्याशेजारी तो लिहिलेला आहे, आणि मुलं 'उलटे आकडे' म्हणून तो मोठ्यानं वाचतात.

वर्गातल्या एका मुलीची बातमी असायची, "मी शनिवारी बाबांना कोर्टात भेटले. तिथे खेळणी आहेत." मुंबईत कौटुंबिक न्यायालय १९८९ साली आलं. तिथे नवराबायकोला न्यायाधीशासमोर जाण्याआधी समुपदेशकापुढे बसवतात, आणि वेगळ्या झालेल्या आईबापांना मुलं भेटावीत म्हणून निराळी जागा आहे. कोर्टात खेळणी! काही लोकांना हे ऐकून वाईट वाटतं. मला ती खेळणी ठेवण्याचं सुचलेल्या माणसाचे पाय धरावेसे वाटतात.

एक गोष्ट मात्र इथे सांगून ठेवायला हवी. कुलूप सगळ्याला नसतं. मुलावर लैंगिक अत्याचार होतो आहे असं कळलं, तर ते कुणीही पोटात ठेवायचं नाही, शिक्षिकेनं नाही, डॉक्टरनं नाही, समुपदेशकानंही नाही; २०१२ सालच्या पोक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवावंच लागतं. आमच्या शाळेत हे समजावून सांगायला एक बाई आल्या होत्या. 'घराण्याचं नाव' हा शब्द पालकांपैकी एकानं काढला, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "आणि मुलाचं नाव काय?" सभागृह गप्प झालं.

आणि या सगळ्यात काम करणाऱ्या कित्येकजणी करारावर असतात. दुसऱ्यांच्या संसाराची घडी बसवायची आणि पुढच्या वर्षी आपली नोकरी असेल की नाही ते ठाऊक नाही, याला काय म्हणावं?

आता मोठ्या मुलांचं. शिशुवर्गातली पोरं मिशा फुटल्यावरही भेटायला येतात, हे आमच्या पेशाचं सुख. मागच्या दिवाळीत एक जण फराळाला आला. उंच झालेला, बोलायला लाजणारा. बारावीनंतर डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत दोनदा अपयश आलेलं. अनारसा मोडत मोडत तो म्हणाला, "बाई, मागे एकदा रात्री मी गच्चीवर गेलो होतो." मी पुढचं विचारलं नाही. तोच म्हणाला, "मग मोबाइलवरून फोन लावला."

तो १४४१६ वर लावलेला फोन होता. टेली-मानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. रात्रीअपरात्री, फुकट आणि मराठीतही. "काय म्हणाले रे?" मी विचारलं. "काहीच नाही. मी कुठे उभा आहे ते विचारलं. खाली येऊन बोलाल का, म्हणाले. मग जिन्यात बसून बोललो. जेवलास का, हेपण विचारलं. मी जेवलो नव्हतो." थोडं थांबून तो म्हणाला, "पुढच्या वर्षी मिळेल, असं ते एकदाही म्हणाले नाहीत, बाई. सगळे तेच म्हणतात."

त्यानंतर तो आमच्या भागातल्या एका केंद्रात दर बुधवारी जायला लागला. घरी सांगावं लागलं, कारण फी होती. वडील बँकेत. सरळ, कष्टाळू गृहस्थ. मुलासाठी कर्ज काढून शिकवणी लावलेली. ते एका संध्याकाळी तणतणत माझ्याकडे आले.

"बाई, तुम्ही त्याला लहानपणापासून ओळखता. तो तिथे जाऊन बोलतो काय?"

"मला काय ठाऊक?"

"मी त्या मॅडमना विचारलं. म्हणाल्या, त्याची परवानगी असेल तेवढंच सांगते. अहो, पैसे मी भरतो! पावतीवर माझं नाव! आणि काय चाललंय ते मलाच सांगत नाहीत. बँकेत असं चालेल का?"

मी म्हटलं, "तुमच्या बँकेत दुसऱ्याच्या खात्यातली शिल्लक सांगता का तुम्ही?"

"दुसऱ्याच्या नाही सांगत. पण हा माझा मुलगा आहे!"

"सज्ञान मुलाच्या खात्याची बापाला सांगता?"

ते थांबले. चहा न घेताच गेले. पण बँकेतला माणूस तो, उदाहरण त्यांना लागलं असावं. मुलाला त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मुलगा सांगतो, की बुधवारी तो परत येईपर्यंत बाबा जेवायचे थांबतात, एवढंच नवीन. सहा महिन्यांनी त्यानं डॉक्टरकीचा नाद सोडला आणि प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम घेतला. घरात दोन दिवस कुणी बोललं नाही, तिसऱ्या दिवशी वडील फॉर्म भरायला बरोबर गेले.

या गणपतीत ते पुन्हा आले. हातात मोदकांचा डबा. इकडचं तिकडचं बोलले. सासऱ्यांचं आजारपण, बँकेचं विलीनीकरण, गुडघे. मग उठता उठता, चपलेत पाय घालत, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "त्या केंद्रात... माझ्या वयाची माणसं येतात का हो?"

"येतात की."

"शनिवारी असतं?"

"सकाळी दहापासून. आधी फोन करून वेळ घ्यावी लागते."

त्यांनी खिशातून बँकेचं पेन काढलं आणि मोदकांच्या डब्यावरच्या कागदावर क्रमांक लिहून घेतला. जिन्यात दोन पायऱ्या उतरून परत वर आले.

"बाई, पोराला एवढ्यात सांगू नका हं."